तिवराला तीन कुळं: वर्गीकरण बदललं म्हणजे आधीचं ज्ञान खोटं ठरतं का?

ऐरोलीच्या एका पालकांचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. बारावीतल्या मुलीला घेऊन ते खाडीकाठी तिवरं बघायला गेले. घरातल्या जुन्या पुस्तकात तिवराचं कुळ व्हर्बिनेसी दिलं होतं. वाटेतल्या एका पाटीवर अ‍ॅव्हिसेनिएसी होतं आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपने अ‍ॅकॅन्थेसी सांगितलं. मुलगी म्हणाली, एका झाडाची तीन कुळं कशी? प्लूटो ग्रह होता, मग नाही. आठवीत सजीवांच्या पाच सृष्टी शिकलो, आता तीन डोमेन आली. उद्या हेही बदलणार असेल, तर आज जे शिकतोय ते खरं कशावरून मानायचं? आणि वडिलांना स्वतःलाच वाटू लागलंय, की आपण शिकलो ते सगळं चुकीचंच होतं की काय.

मी ठाण्यात बरीच वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. अजूनही येऊरच्या जंगलातल्या आणि खाडीच्या झाडांच्या याद्या करते आणि जुन्या हर्बेरियम शीटांवरची, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांवरची नावं तपासून देते. नावं बदलणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे हा प्रश्न मला मनापासून जवळचा वाटतो, आणि तो बारावीतल्या मुलीने विचारावा याचा फार आनंद झाला.

आधी प्रश्न नीट मांडू. तीन नावं पाठ करण्याचा कंटाळा ही तिची अडचण नाही. जी गोष्ट शास्त्रज्ञ स्वतःच बदलतात, तिच्यावर विसंबायचं कसं, हे तिला विचारायचं आहे. याला एका वाक्यात उत्तर नाही, कारण 'वर्गीकरण बदललं' असं म्हणताना नेमकं काय बदललं, यावर सगळं अवलंबून असतं. कधी झाडाबद्दलची नोंदच चुकलेली असते. कधी नोंद तीच राहते, पण या झाडाचं इतर झाडांशी नातं काय, हा निष्कर्ष बदलतो. कधी यातलं काहीच बदलत नाही, फक्त नाव लिहिण्याचा नियम लागू होतो. बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं: जुनं नाव खोडलेलं आणि वर नवं लिहिलेलं. पण ज्ञानाला धोका कितपत आहे, याचं उत्तर तिन्ही ठिकाणी वेगळं येतं.

तिवरापासूनच सुरुवात करते. ठाण्याच्या खाडीत कांदळवन म्हणून जे दिसतं, त्यात सर्वांत जास्त हेच झाड असतं, अ‍ॅव्हिसेनिया. चिखलातून सरळ वर आलेली श्वसनमुळं, समोरासमोर पानं, पानाच्या खालच्या बाजूला पांढरट करडी लव, पानावर मिठाचे कण, बारीक पिवळी-केशरी फुलं. फळ झाडावर असतानाच आत बियाणं रुजायला लागलेलं असतं. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. त्यात हे झाड व्हर्बिनेसीत आहे. कुक वर्गीकरणाची जी चौकट वापरत होते ती बेंथम आणि हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांची, १८६२ ते १८८३ दरम्यान प्रसिद्ध झालेली. आपल्याकडच्या कितीतरी हर्बेरियममध्ये कपाटं अजून त्याच क्रमाने लावलेली असतात.

त्या चौकटीत व्हर्बिनेसी आणि तुळशीचं कुळ लॅमिएसी, यांच्यात फरक करायचं मोठं लक्षण म्हणजे कुक्षीवृंत, म्हणजे फुलातल्या अंडाशयाला जोडलेली बारीक दांडी, कुठून निघतो. तुळशीत अंडाशयाच्या चार पाळ्या असतात आणि कुक्षीवृंत त्यांच्या मधून, तळाशी निघतो. व्हर्बिनेसीत तो अंडाशयाच्या टोकावरून निघतो. तिवराचा टोकावरून निघतो. सागाचा, निर्गुडीचा, शिवणीचा आणि घाणेरीचाही. म्हणून सगळी एका कुळात बसवली गेली.

पण तिवर तिथे नीट बसत नाही, हे जुन्या लोकांनाही दिसत होतं. अंडाशयाची आतली रचना वेगळी, लाकडात एकाआड एक वलयं वेगळ्याच पद्धतीने तयार झालेली. म्हणून काही अभ्यासकांनी त्याला स्वतंत्र कुळ दिलं, अ‍ॅव्हिसेनिएसी. एकाच प्रजातीसाठी (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस) केलेलं वेगळं कुळ हे अनेकदा असंच असतं: हे झाड नेमकं कोणाच्या जवळचं ते आम्हाला अजून ठरवता येत नाही, अशी लेखी कबुली. मला त्यात कमीपणा वाटत नाही. जिथे माहिती नाही तिथे गप्प न बसता 'माहीत नाही' असं नोंदवून ठेवलं, म्हणून पुढच्यांना कुठे शोधायचं ते कळलं.

१९९० च्या दशकात डीएनएचे क्रम जुळवून पाहणं शक्य झालं. १९९८ मध्ये अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप या संशोधकांच्या गटाने सपुष्प वनस्पतींची नवी मांडणी प्रसिद्ध केली आणि २००३, २००९ व २०१६ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. या काळात तिवर अ‍ॅकॅन्थेसीत गेलं. म्हणजे अडुळसा, कोरांटी आणि येऊरच्या डोंगरावरची कारवी यांच्या कुळात. खाडीत तिवराच्या बुंध्याशीच वाढणारी काटेरी पानांची, निळ्या-जांभळ्या फुलांची मारांडीसुद्धा याच कुळातली.

माझ्या अनेक विद्यार्थ्यांना हे पहिल्यांदा पटत नाही, आणि त्यांचं न पटणं बरोबर जागेवर असतं. अ‍ॅकॅन्थेसीची ओळख आम्ही शिकवतो ती अशी: बोंड वाळून फुटतं, आत प्रत्येक बीला आधार देणारा एक आकडा असतो आणि बिया लांब फेकल्या जातात. कारवीची वाळलेली बोंडं हातात घेतली की हे लगेच दिसतं. तिवरात हे काहीच नाही. मग ते इथे कसं? तर बागेत मांडवावर चढवतात त्या निळ्या फुलांच्या थनबर्जियाच्या वेलीतही ते आकडे नसतात, आणि बेंथम-हूकर यांनी तिला तेव्हाच अ‍ॅकॅन्थेसीत ठेवलं होतं. म्हणजे या कुळात आकडे नसलेल्या फांद्या आहेत, हे आधीपासून माहीत होतं. डीएनएचा पुरावा तिवराला अशाच फांद्यांच्या जवळ नेतो. नेमकं कोणाच्या शेजारी, यावर अजून काम चालू आहे.

आता मुलीला विचारा: या सगळ्या प्रवासात तिवराबद्दलचं कोणतं वाक्य खोटं ठरलं? श्वसनमुळं, पानावरचं मीठ, झाडावरच रुजणारं बियाणं, अंडाशयाची रचना, यातलं एकही नाही. कुक यांचं वर्णन हातात धरून आजही खाडीत तिवर ओळखता येतं. मी ते वापरते. बदलला तो निष्कर्ष: हे झाड कोणाचं जवळचं. आणि तो बदलायला कारणीभूत ठरल्या त्या जुन्याच नोंदी, ज्या व्हर्बिनेसीत बसत नव्हत्या.

व्हर्बिनेसीचं पुढे काय झालं, हे तर मला याहून बोलकं वाटतं. साग, निर्गुडी आणि शिवण तिथून उठून लॅमिएसीत, तुळशीच्या कुळात गेली. घाणेरी मात्र व्हर्बिनेसीतच राहिली. ही वाटणी डीएनएने पक्की केली हे खरं, पण तिची खूण फुलोऱ्यात कायम समोर होती. घाणेरीचा फुलोरा टोकाकडे वाढत राहतो, खालची किंवा बाहेरची फुलं आधी उमलतात. निर्गुडी आणि सागाच्या फुलोऱ्यात छोट्या छोट्या फांद्या असतात आणि प्रत्येकीत मधलं फूल आधी उमलतं. ही दोन्ही लक्षणं जुन्या ग्रंथांत व्यवस्थित लिहिलेली आहेत. शंभर वर्षांपूर्वी कुक्षीवृंताला जास्त वजन दिलं गेलं आणि फुलोऱ्याला कमी. पुरावा वाढला तसं ते वजन उलटं झालं. निरीक्षण करणाऱ्याने आपल्या मताला सोयीची तेवढीच लक्षणं लिहिली असती, तर ही दुरुस्ती करता आली नसती. म्हणून चांगलं वर्णन मला चांगल्या वर्गीकरणापेक्षाही मोलाचं वाटतं.

आता नावांच्या नियमाकडे येऊ, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो आणि ज्ञानाशी त्याचा संबंध सर्वांत कमी असतो.

अडुळशाला लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये जस्टिशिया अधाटोडा असं नाव दिलं. पुढे नीस या जर्मन अभ्यासकाने तो वेगळ्या प्रजातीत घातला आणि अधाटोडा व्हॅसिका हे नाव आलं. आयुर्वेदाच्या आणि औषधनिर्माणशास्त्राच्या पुस्तकांत हेच नाव रुळलं. त्यातल्या अल्कलॉइडला व्हॅसिसीन म्हणतात ते त्यावरूनच. आज वनस्पतिशास्त्रज्ञ पुन्हा जस्टिशिया अधाटोडा लिहितात. या येण्याजाण्यात पानातलं व्हॅसिसीन तसूभर बदललं नाही. त्याच्या रेणूवर काम करून बनवलेलं ब्रोमहेक्सिन खोकल्याच्या औषधात कफ पातळ करायला वापरतात, आणि कुठलं नाव छापलंय यावर त्याचा गुण ठरत नाही.

बाभूळ आणि खैर यांची गोष्ट जास्त वादाची झाली. आपण दोन्ही अ‍ॅकेशिया म्हणून शिकलो. अभ्यासातून दिसलं की अ‍ॅकेशिया नावाखाली एकत्र कोंबलेले गट खरोखर वेगवेगळे आहेत. हा भाग नात्याचा, पुराव्याचा. पण मग मूळ नाव कोणत्या गटाने ठेवायचं? तो प्रश्न पुराव्याने सुटत नाही. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत निर्णय झाला, की हजाराच्या आसपास जाती असलेला ऑस्ट्रेलियातला मोठा गट अ‍ॅकेशिया राहील. २०११ मध्ये मेलबर्नच्या परिषदेत तो कायम झाला. बाभूळ व्हॅचेलिया झाली, खैर सेनेगॅलिया झाला, आणि आपल्याकडे वनीकरणात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र अ‍ॅकेशियाच राहिली. अनेकांना याचा राग आला, मलाही तो निर्णय रुचला नाही. तरी एवढं स्पष्ट दिसतं, की गट वेगळे आहेत हे शोधून काढलेलं सत्य आहे आणि नाव कोणाकडे गेलं हा माणसांनी केलेला ठराव आहे. मुलीला या दोन गोष्टी वेगळ्या पाहता आल्या, तर तिचा निम्मा प्रश्न सुटला.

कारवीचं उदाहरण यासाठीच वर्गात मुद्दाम सांगत असे, कारण तिथे बदल उलटाही फिरला. कारवी म्हणजे स्ट्रोबिलँथस कॅलोसा. ब्रेमेकांप या डच अभ्यासकाने १९४४ मध्ये स्ट्रोबिलँथस ही मोठी प्रजाती फोडून तिच्या पुष्कळ लहान प्रजाती केल्या आणि आपली कारवी झाली कार्व्हिया कॅलोसा. कितीतरी मराठी पुस्तकांत आणि याद्यांत तेच नाव आहे. पुढे हे तुकडे एकमेकांपासून नीट वेगळे काढता येत नाहीत असं दिसल्यावर ते पुन्हा स्ट्रोबिलँथसमध्ये घेतले गेले. म्हणजे एक प्रस्ताव मांडला, तपासला आणि टिकला नाही म्हणून मागे घेतला. हे चंचलपणाचं लक्षण समजू नये. तपासल्यावर मागे घेता येत नसेल, तर तपासणीला अर्थच काय? आणि दरम्यान कारवी आपल्या आठ वर्षांच्या चक्राने फुलत राहिली. येऊर आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांवर २०१६ मध्ये फुलली, २०२४ मध्ये फुलली. ज्यांनी त्या वर्षांची नोंद कार्व्हिया नावाखाली ठेवली आणि ज्यांनी स्ट्रोबिलँथस नावाखाली, दोघांच्याही नोंदी आज सारख्याच उपयोगी आहेत.

ठाणेकरांना हे समजायला एक जवळचं उदाहरण आहे. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, डहाणू, वसई इथून गोळा केलेल्या जुन्या नमुन्यांच्या लेबलावर 'ठाणे जिल्हा' असं लिहिलेलं आहे. आम्ही त्यातलं एकही शीट खोटं म्हणून फेकलं नाही. गाव तेच, डोंगर तोच, झाड तिथेच मिळालं होतं. नव्या यादीत जिल्हा तेवढा दुरुस्त करून लिहिला. पण ही तुलना एका जागी थांबवायला हवी. जिल्ह्याची सीमा सोयीने ठरते, ती कुठेही आखली तरी खोटी ठरत नाही. वनस्पतींच्या नात्याचं तसं नाही. तिवर अडुळशाच्या जवळचं असेल किंवा नसेल, त्यात आपल्या सोयीचा प्रश्न येत नाही. 'वर्गीकरण ही शेवटी माणसाची सोय' असं जे सरसकट म्हटलं जातं, ते मला म्हणूनच मान्य नाही.

खाडीकाठी गेलाच होतात, म्हणून पक्ष्यांचंही एक सांगते. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, नक्की कोणाचे नातेवाईक हा पक्षिशास्त्रातला जुना तंटा होता. लांब पाय बघून कोणी त्यांना करकोच्यांजवळ ठेवलं. पायाच्या बोटांमधला पडदा आणि चोच बघून कोणी बदकांजवळ. २००१ च्या सुमाराला रेणवीय अभ्यासातून उत्तर आलं ते कोणाच्या डोक्यात नव्हतं: त्यांचे सर्वांत जवळचे नातेवाईक म्हणजे पाणडुब्या. तळ्यात बुडी मारून भलतीकडेच वर येणारी आपली छोटी टिबुकली! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी अवाक झाले. नंतर अभ्यासकांनी दोघांच्या शरीराकडे पुन्हा पाहिलं, तेव्हा समान खुणा सापडत गेल्या. दोघांच्या अंड्यावर खडूसारखा पांढरा थर असतो, हे त्यातलंच एक. तो थर पूर्वीही लोकांनी पाहिला होता. पण त्याला अर्थ द्यायला कोणाला कारण मिळालं नव्हतं. लहान रोहित चोचीतल्या गाळणीने पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ कसं गाळून घेतो, ते इथे कोणत्या महिन्यांत येतात, या नोंदी जशाच्या तशा राहिल्या. त्या नोंदींचा आधार होता, म्हणूनच २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य होऊ शकलं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

इथवर वाचून असं वाटेल की जुनं सगळं सुखरूपच राहतं. तसं नाही, आणि हे लपवणं मुलीवर अन्याय होईल.

एक धोका तेव्हा येतो, जेव्हा एक जात म्हणून समजलेल्या प्राण्याच्या दोन किंवा अधिक जाती निघतात. आशियातले बहुतेक नाग पूर्वी नाजा नाजा या एकाच जातीत, उपजाती म्हणून धरले जात. गेल्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या वेगळ्या जाती ठरल्या. आपल्या येऊरला दिसतो तो फणीवर दहाचा आकडा असलेला नाग नाजा नाजाच राहिला. बंगाल आणि ईशान्य भारतातला फणीवर एकच गोल असलेला नाग झाला नाजा काऊथिया. आपलं सर्पविषावरचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषापासून बनतं आणि त्यातला नाग म्हणजे नाजा नाजा. ईशान्येकडच्या नागाच्या विषावर ते कमी पडतं, असं चाचण्यांत दिसलं आहे. म्हणजे 'नागाच्या विषावर हे औषध चालतं' हे जुनं वाक्य जसंच्या तसं ठेवता येत नाही. कोणता नाग, कुठला, हे विचारावं लागतं. अशा वेळी नुसतं नाव लिहिलेली जुनी नोंद अडकून पडते. सोबत ठिकाण लिहिलेलं असेल, फोटो किंवा नमुना जपलेला असेल, तर ती परत वापरात आणता येते. नसेल तर ती खरोखर गेली. इथे वर्गीकरणातला बदल जीवन-मरणाचा असतो, आणि तो झाला नसता तर चूक तशीच चालू राहिली असती.

दुसरा प्रकार याहून गंभीर आहे: मुळात निरीक्षणच नव्हतं. लिनियसच्या १७५८ च्या एकाच ग्रंथातल्या दोन जागा मी विद्यार्थ्यांना शेजारी शेजारी दाखवत असे. एकीकडे त्याने देवमाशांना माशांतून काढून सस्तन प्राण्यांत घातलं, कारण त्यांना फुप्फुसं असतात, रक्त उष्ण असतं, माद्या पिलांना दूध पाजतात. ते आजही टिकून आहे. दुसरीकडे त्याने माणसांचे खंडांनुसार प्रकार पाडले आणि प्रत्येकाला स्वभाव चिकटवला. कोण कल्पक, कोण हट्टी, कोण लोभी, कोण आळशी. यामागे दूध पाजण्याइतकं तपासता येईल असं काहीच नव्हतं. ऐकीव गोष्टी आणि युरोपी अहंकार होता. ते वर्गीकरण कोसळलं ते योग्यच झालं, आणि त्याने जगभर केलेलं नुकसान अजून भरून निघालेलं नाही. एकच माणूस, एकच पुस्तक. म्हणून 'जुनं ते खोटं' हेही चालत नाही आणि 'थोरांनी म्हटलं म्हणून खरं' हेही नाही. त्या विधानाखाली कोणतं निरीक्षण आहे, ते पाहावं लागतं.

प्लूटोचं थोडक्यात सांगते, तो माझा विषय नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये प्राग इथे 'ग्रह' कशाला म्हणायचं याची व्याख्या ठरली आणि प्लूटो बटुग्रह झाला. त्याच वर्षी जानेवारीत न्यू होरायझन्स हे यान त्याच्याकडे निघालं होतं. वाटेत त्याचा दर्जा बदलला, कक्षेचं गणित नाही. जुलै २०१५ मध्ये यान ठरल्याप्रमाणे तिथे पोहोचलं. पाच सृष्टींचं मात्र थोडं वेगळं आहे. व्हिटेकर यांनी १९६९ मध्ये ती मांडणी केली. १९७७ मध्ये कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवलं, की ज्यांना आपण सरसकट जीवाणू म्हणतो, त्यांच्यात आर्किया हा खोलवर वेगळा असलेला गट दडलेला आहे. १९९० मध्ये त्यातून तीन डोमेनची मांडणी आली. हा बदल नात्याबद्दलचा आहे आणि मोठा आहे. पण केंद्रक नसलेल्या आणि असलेल्या पेशींतला फरक, बुरशी अन्न शोषून घेते हे व्हिटेकर यांनी वापरलेलं लक्षण, हे सगळं शाबूत आहे. आठवीत ते शिकणं वाया गेलेलं नाही. पेशींतला हा फरक माहीत नसता, तर डोमेनचा मुद्दा तिला समजलाच नसता.

आता करायचं काय, ते सांगते. परीक्षेत लावलेल्या पुस्तकाप्रमाणेच लिहायचं. तिथे तपासणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. प्रकल्पात किंवा स्वतःच्या वहीत मात्र आजचं मान्य नाव लिहावं आणि शेजारी जुनं समानार्थी नावही द्यावं, म्हणजे जुन्या पुस्तकांशी जोडलेला धागा तुटत नाही. नावापुढे ते देणाऱ्याचं संक्षिप्त नाव असतं, तेही उतरवून घ्यावं. मुलांना ते अनावश्यक वाटतं, पण दोन वेगळ्या लोकांनी दोन वेगळ्या झाडांना एकच नाव दिलेलं असू शकतं, आणि तिथे तीच एक खूण उरते. वनस्पतीचं मान्य नाव बघायला लंडनच्या क्यू उद्यानाचं संकेतस्थळ चांगलं आहे. जुनं नाव टाकलं तरी ते आजच्या नावाकडे नेतं. पाटीवर वेगळं कुळ दिसलं तर पाटी चुकीची म्हणून सोडून देऊ नका. ती कोणत्या पद्धतीने लिहिली आहे, ते मुलीला शोधायला सांगा.

आणि नोंदी ठेवायला तिला जरूर लावा. आयनॅचरलिस्टसारख्या ठिकाणी टाकल्या तर एक फायदा असा, की एखाद्या जातीचं नाव बदललं की तिथल्या सगळ्या नोंदींवरचं नाव आपोआप बदलतं. फोटो, तारीख आणि ठिकाण तसंच राहतं. एका जातीच्या दोन झाल्या तर ठिकाणावरून नोंद कोणाकडे जायची ते ठरवता येतं. दोन्ही जाती एकाच भागात सापडत असतील, तर नुसत्या दुरून काढलेल्या फोटोवरून काही सांगता येत नाही. म्हणून तिवराचा फोटो काढताना नुसतं झाड नको. पानाची वरची आणि खालची बाजू, साल, फूल जवळून, फळ असेल तर तेही, आणि शक्य असेल तर श्वसनमुळं, असं सगळं घ्यायला सांगा. मारांडी शेजारी दिसली तर तिचंही पान घ्या आणि दोघांच्या पानांवरचं मीठ पाहा. एकाच कुळातली असली तरी ती दोघं त्या कुळाच्या वेगवेगळ्या फांद्यांवर आहेत. त्यामुळे मीठ बाहेर टाकायची सोय त्यांनी बहुधा स्वतंत्रपणे मिळवली असावी. जोवर ती दोन वेगळ्या कुळांत होती, तोवर त्यांना शेजारी ठेवून हे विचारायचं कोणाला फारसं कारण नव्हतं. तुमच्या मुलीला पुढे हाच विषय घ्यायचा असेल, तर खाडीच्या या दोन झाडांपासून सुरुवात करायला हरकत नाही.